क्षमा केली, तरी आनंद का येत नाही?

ख्रिस्तामध्ये प्रिय तरुण मित्रा,

सप्रेम सलाम. तुझे पत्र सावकाश वाचले. ज्याच्यापाशी तू मन मोकळे केलेस, त्यानेच तुझी खाजगी गोष्ट मंडळीत चारचौघांना सांगितली. तू त्याला क्षमा केल्याचे प्रार्थनेत म्हटलेस, त्याला समक्षही सांगितलेस, आणि तरीही त्याचे नाव निघाले की तुझ्या मनात कडवटपणा दाटून येतो. ‘क्षमा केली, मग आनंद का येत नाही?’ असे तू विचारले आहेस. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु क्षमा हे आनंद मिळवण्याचे साधन असून तिचा परिणाम लवकरच दिसला पाहिजे, अशी एक समजूत त्यात गृहीत धरलेली आहे. अलीकडे उपदेशांतूनही क्षमेची शिफारस बहुधा ‘तुमच्याच मनःशांतीसाठी’ अशी होते. मला ती अपुरी वाटते, कारण तिच्यात अपराध करणारा माणूस दिसेनासा होतो, देवही दिसेनासा होतो, आणि उरतो तो आपल्याला बरे वाटण्याचा हिशेब.

बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने आत्म्याचे फळ म्हणून जे नऊ गुण सांगितले आहेत, त्यांत आनंद दुसरा आहे. त्याच्या आधी प्रीती आहे. नंतर शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. यांतले बहुतेक गुण एकांतात कमावता येत नाहीत, माणसांमध्ये वावरतानाच त्यांचा कस लागतो. फिलिप्पैकरांस पौलाने बंदिवासातून लिहिलेले पत्र आनंदाच्या उल्लेखांनी भरलेले आहे, हे तू ऐकले असशील. मात्र त्याच्या पहिल्या अध्यायातील एका तपशिलाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पौल बेड्यांत असताना काही जण हेव्याने आणि तट पाडण्याच्या वृत्तीने ख्रिस्ताची घोषणा करत होते, आणि त्याच्या यातनांत भर पडावी अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे दुखावणारे लोक परके नव्हते, तेही ख्रिस्ताचेच नाव सांगत होते. पौल त्यांच्या हेतूवर पांघरूण घालत नाही, तो हेतू स्पष्ट सांगतो. आणि तरीही कोणत्या का रीतीने होईना ख्रिस्ताची घोषणा होते यात मला आनंद आहे, असे लिहितो. त्याच्या आनंदाची किल्ली त्या लोकांच्या हाती नव्हती. तुझी मात्र अजून त्या मित्राच्या हाती आहे, असे तुझ्या पत्रावरून जाणवते. तो ओशाळला का, त्याने लोकांना खरे काय ते सांगितले का, यावर तुझा दिवस कसा जायचा ते ठरते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टांत तुला पाठ असेल, तरी तो पुन्हा वाच. राजाच्या एका दासावर दहा हजार तालांतांचे कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले, जे फेडायला एका माणसाला दीड लाखाहून अधिक वर्षे लागली असती. राजाला दया आली आणि त्याने ते सोडले. तोच दास बाहेर पडला, शंभर दिनारांचे देणे असलेल्या सोबत्याला त्याने गाठले आणि त्याचा गळा धरला. या दृष्टांतावर बोलताना शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम होती असे सांगण्याची आपल्याला सवय आहे. ती क्षुल्लक नव्हती. ती तीन महिन्यांहून अधिक काळाची मजुरी होती, आणि हातावर पोट असलेल्या घरात एवढी रक्कम बुडाली तर उपासमार होते. येशूला सोबत्याचे देणे एका दिनाराचे दाखवता आले असते. त्याने तसे दाखवले नाही. तुझे जे नुकसान झाले ते त्याच्या लेखी खरे नुकसान आहे.

म्हणूनच मला वाटते की तू क्षमा करण्यात घाई केलीस. ‘जाऊ दे, त्यात काय एवढे’ असे तू त्याला म्हणालास, आणि तसे म्हणणे म्हणजे देणे सोडणे नव्हे. देणे नव्हतेच असे म्हणणे आहे. जे देणे मांडलेच नाही ते सोडणार कसे? आधी देवासमोर ते नीट मांड. काय गेले ते सांग: विश्वास गेला, लोकांमधला संकोचरहित वावर गेला, चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करण्याचे धैर्य गेले. शब्द सापडत नसतील तर पंचावन्नावे स्तोत्र उघड. निंदा करणारा शत्रू असता तर सोसले असते, पण तो माझा सोबती होता, आम्ही बरोबर देवाच्या घरी जात असू, असा आक्रोश त्यात आहे. त्यातल्या काही ओळी इतक्या कठोर आहेत की उपासनेत त्या वाचताना आपण अडखळतो, तरीही त्या पवित्र शास्त्रात आहेत. राग देवापुढे ओतता येतो. तो तिथे ओतला नाही तर मित्रांच्या बैठकीत सांडतो.

दृष्टांतातला दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या दासाने राजाकडे मागितली होती ती मुदत. मला वागवून घ्या म्हणजे मी सर्व फेडीन, असे तो म्हणाला होता. राजाने मुदत दिली नाही, सगळे कर्जच सोडले. पण बाहेर पडलेला माणूस सुटका झालेल्या माणसासारखा वागत नाही, अजून पैसे जमवायचे असलेल्या देणेकऱ्यासारखा वागतो. मिळालेली क्षमा त्याच्या मनापर्यंत पोहोचलीच नव्हती, म्हणून त्याला ना आनंद झाला, ना दुसऱ्याला सोडण्याची बुद्धी झाली. ख्रिस्ती माणसाच्या अंतरीच्या आनंदाचा उगम इथे आहे असे मी मानतो: आपण कोणाला किती क्षमा केली यापेक्षा आपल्याला देवाकडून किती क्षमा झाली आहे, हे उमगण्यात. तुझ्या पत्रात मित्राच्या अपराधाविषयी पुष्कळ मजकूर आहे, आणि तुला स्वतःला मिळालेल्या क्षमेविषयी एकही वाक्य नाही. हे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. दुखावलेल्या माणसाचे लक्ष जखमेवरच असते.

क्षमा मिळूनही ती न पोहोचल्याचे याहून करुण उदाहरण उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. योसेफाला भावांनी विकले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि त्याने त्यांना ओळख दिली तेव्हा चाळिशीच्या आसपास. मधल्या काळात तो दास होता, कैदी होता, मग अधिकारी झाला. भाऊ समोर आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. त्यांना तीन दिवस अटकेत ठेवले, त्यांपैकी शिमोनाला मागे ठेवून घेतले, धाकट्या बन्यामिनाच्या बाबतीत ते कसे वागतात ते पाहिले, आणि या सगळ्या काळात एकांतात रडला. ज्यांना सावकाश क्षमा करणे म्हणजे अविश्वास वाटतो, त्यांनी हे अध्याय वाचावेत. पुढे त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षे जगला, त्या सगळ्या काळात योसेफाने भावांचे पालनपोषण केले. आणि बाप वारताच भाऊ घाबरले की आता हा सूड घेईल. इतकी वर्षे त्यांनी त्याचे अन्न खाल्ले, पण त्याच्या क्षमेवर विश्वास ठेवला नाही. त्यांचा निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडला. तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले, हे त्याचे प्रसिद्ध वाक्य या रडण्यानंतरचे आहे. वाईटाला तो वाईटच म्हणतो.

क्षमा केल्यावरही भावना मागे राहते, याची तू भीती बाळगू नकोस. कोरी टेन बूम या डच बाई राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत होत्या. त्यांची बहीण बेट्सी तिथेच १९४४च्या डिसेंबरात वारली. १९४७मध्ये म्युनिकमधील एका चर्चमध्ये क्षमेवर बोलून झाल्यावर त्या छावणीतला एक पूर्वीचा पहारेकरी त्यांच्यापुढे हात करून उभा राहिला. त्यांचा हात उचलेना. मनात प्रेमाचा लवलेशही नसताना त्यांनी प्रार्थना केली, हात तेवढा पुढे केला, आणि ऊब त्यानंतर आली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. सर्वांच्या बाबतीत ती इतक्या लवकर येत नाही. किती वेळा क्षमा करावी असे विचारणाऱ्या शिष्य पेत्राला येशूकडून मिळालेले ‘साताच्या सत्तर वेळा’ हे उत्तर पुन्हा पुन्हा अपराध करणाऱ्याविषयी आहे. तरी एकच अपराध मनात पुन्हा पुन्हा उभा राहतो तेव्हाही ते लागू करायला हरकत नसावी. आठवण आली की त्या मित्राचे नाव घेऊन प्रार्थना कर, आणि ती हकिगत नव्या माणसाला सांगणे थांबव. यांपैकी दुसरे अधिक कठीण जाईल.

त्याला पूर्वीसारखेच सगळे सांगत राहायचे का, असेही तू विचारतोस. नाही. क्षमा तुझ्या बाजूने देता येते. विश्वास मात्र त्याच्या वागण्यातून परत उभा राहावा लागतो. लूकाच्या सतराव्या अध्यायात येशू अपराध करणाऱ्या भावाला दोष दाखवायला सांगतो आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करायला सांगतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातही साधेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा असे म्हटले आहे, आणि त्यातले ‘साधेल तर’ विसरता कामा नये. जिथे मारहाण, अत्याचार किंवा फसवणूक चालू आहे तिथे दूर होणे आणि कायद्याची मदत घेणे क्षमेच्या आड येत नाही. पीडितालाच आधी क्षमा करायला लावणारे वडीलधारे सुवार्तेचा गैरवापर करतात.

शेवटी प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीविषयी. मनात कडवटपणा असल्यामुळे तू काही काळ त्यापासून दूर राहिला आहेस असे लिहितोस. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात माणसाने आत्मपरीक्षा करावी असे सांगून पौल लगेच पुढे म्हणतो की मग त्याने ती भाकर खावी आणि त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षा करून घरी बसावे, असे तो म्हणत नाही. क्षमा करायची नाहीच असा तुझा निश्चय असता तर मी वेगळे लिहिले असते. तुला करायची आहे आणि जमत नाही. तेव्हा आपल्या पाळकांशी आधी मोकळेपणाने बोल, ते काय म्हणतात ते ऐक, आणि पुढच्या प्रभुभोजनाला जा. तो मित्रही आला तर येऊ दे.

तुझा,
ख्रिस्तसेवेतील एक वडीलबंधू