बॉस्टनहून जुलैत देवमासे बघायला पहिल्यांदाच जाताय?

जुलै निवडलात, उत्तम. स्टेलवॅगन बँक म्हणजे मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या तोंडाशी असलेला पाण्याखालचा उथळ उंचवटा. उन्हाळ्यात हंपबॅक जातीचे देवमासे तिथे सँड लान्स नावाचे बारीक मासे खायला येतात. पहिल्या खेपेला एवढंच सांभाळा:

- बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. उपाशीपोटी नको, आणि चमचमीत हाणूनही नको. जीव घाबरला तर आत जाऊन बसू नका. मागच्या डेकवर क्षितिजाकडे बघत उभं राहा.
- शहरात घाम फुटत असला तरी जाकीट न्याच.

नवखे हमखास एक चूक करतात: सगळा वेळ मोबाइलच्या पडद्यात! आधी नुसत्या डोळ्यांनी समुद्र चाळा. पक्षी घोळक्याने घिरट्या घालतायत का? तिकडेच बघत राहा, वाफेचं कारंजं उडेल. 'दोन वाजता!' अशी हाक आली की घड्याळ बघू नका, ती दिशा आहे: बोटीचं नाक म्हणजे बारा, मग दोन म्हणजे पुढे उजवीकडे. देवमाशाने शेपूट वर काढून खोल बुडी मारली की बऱ्याचदा पाच-दहा मिनिटं तो वर येत नाही. तेवढ्यात चहा उरका. शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी नीट बघा, प्रत्येकाची वेगळी असते.

लेन्स-बिन्सचं पुढच्या खेपेला बोलू.