लिंका लावायचं काम, त्यात कसलं करिअर?

निपाणीहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मग बी.एस्सी. आणि यंदा एम.लिब. झाली. बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या लायब्ररीत तिला वर्षाच्या करारावर काम मिळतंय. हृदय आणि छातीच्या सर्जनांना लागणारं ऑनलाइन साहित्य, म्हणजे ऑपरेशनचे व्हिडिओ, व्याख्यानं, लेख, मार्गदर्शिका, हे सगळं शाखेनुसार लावून द्यायचं. ते लिहितात, "दिवसभर लिंका लावायच्या, त्यात कसलं करिअर? ती डॉक्टर नाही, तिला त्यातलं काय कळणार? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्याव्यात. तिची आई म्हणते, जाऊ दे." पत्राच्या तळाशी मुलीनं स्वतःची एक ओळ घुसवलीय: "सर, सुरुवात कुठून करू?"

स. न. वि. वि.

मी वहिनींच्या बाजूचा. जाऊ द्या तिला.

"तिला काय कळणार" हा प्रश्न वखारीतल्या माणसानं विचारावा याचं मला नवल वाटलं. पान पिकवणारा वेगळा आणि पानाची प्रत लावणारा वेगळा, हे तुम्हाला मी काय सांगणार? प्रत लावणाऱ्याला नांगर धरता येत नसेल, पण त्याचा हात चुकला की अख्ख्या मालाचा भाव पडतो. ऑपरेशन बरोबर झालंय की चुकीचं, हे ठरवणं तुमच्या मुलीचं काम नाही, आणि तिनं त्यात पडूही नये. ते विभागातल्या सर्जननी बघायचं. हा व्हिडिओ कशाचा, कोणत्या वयाच्या रुग्णाचा, कुणाच्या उपयोगाचा, कधीचा आणि कुणी तपासलेला, हे मात्र तिनंच सांगायचं.

आता इथून पुढचं तिच्यासाठी.

बाळ, सुरुवात इंटरनेटवरून करू नकोस. पहिले काही दिवस रेसिडेंट डॉक्टरांच्या मागे फिर. हे लोक एम.बी.बी.एस., मग तीन वर्षं एम.एस., आणि त्यावर तीन वर्षांचं एम.सीएच. (या शाखेतली वरची पदवी) करत असतात. उद्या सकाळी केस आहे आणि रात्री अकराला एक जण मोबाइलवर काहीतरी शोधतोय. तो काय टाइप करतो, ते बघ. तो चॅनेलचं नाव टाकत नाही, 'व्हिडिओ' की 'लेख' हेही त्याच्या डोक्यात नसतं. तो ऑपरेशनचं नाव टाकतो. म्हणून तुझा पहिला दरवाजा ऑपरेशनचा हवा. बऱ्याच लायब्ऱ्यांच्या पानांवर मी उलटं बघतो: एकीकडे ई-बुक्स, दुसरीकडे जर्नल्स, तिसरीकडे व्हिडिओ. ते लावणाऱ्याच्या सोयीचं, शोधणाऱ्याच्या नाही.

शाखा तुला नव्यानं शोधायच्या नाहीत. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सचा राष्ट्रीय डेटाबेस 1989 पासून चालू आहे. त्यात मोठ्यांचं हृदय, जन्मजात हृदयदोष आणि छाती (फुफ्फुस, अन्ननलिका वगैरे) असे भाग आहेत. युरोपातली संघटना रक्तवाहिन्यांचा चौथा भाग धरते. सीटीएसनेट, म्हणजे हृदय-छातीच्या सर्जनांची वेबसाइट, आणि युरोपीय संघटनेचं व्हिडिओ मॅन्युअल ही दोन्ही ठिकाणं आधी नीट पाहून घे. पण जसंच्या तसं उचलू नकोस. आपल्याकडे विभागाच्या दारावर सीटीव्हीएस (कार्डिओथोरॅसिक अँड व्हॅस्क्युलर सर्जरी) लिहिलेलं असतं आणि त्यातल्या 'व्ही'चं, म्हणजे रक्तवाहिन्यांचं, काम बरंच असतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातात फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जोड, करायला पुष्कळदा हेच सर्जन येतात. बाहेरच्या साहित्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचा ढीग मिळेल. इथल्या वॉर्डात मात्र टीबीनंतर छातीत साचलेला पू, फुफ्फुसावरचं जाड झालेलं आवरण सोलून काढायचं ऑपरेशन, ऱ्हुमॅटिक तापानं आकसलेली हृदयाची मायट्रल झडप हे रोजचं. त्यांना कोपऱ्यात ढकलू नकोस, त्यांचे स्वतःचे खण हवेत. आणि अँजिओप्लास्टीचे व्हिडिओ या ढिगात आले तर बाजूला काढ, ते कार्डिऑलॉजिस्टचं काम. छाती न उघडता घातलेल्या झडपेचं, म्हणजे टावीचं, तेवढं दोघांच्यात राहू दे.

एक नमुना घेऊ. समजा व्हिडिओ आहे तीस वर्षांच्या बाईचा. फॅलोज टेट्रालॉजी हा जन्मजात दोष लहानपणी दुरुस्त झालेला, आता फुफ्फुसाकडे जाणारी झडप गळतेय म्हणून ती बदलली. कुठं ठेवशील? रुग्ण मोठी, पण आजार जन्मजात. मोठ्यांच्या खणात टाकलास तर बायपास करणाऱ्या सर्जनला तो नकोय. लहान मुलांच्या खणात टाकलास तर शोधणाऱ्याला तिथं बघायचं सुचणार नाही. मुख्य जागा जन्मजात, आणि वय, झडप, दुसऱ्यांदा छाती उघडणं या तिन्ही बाजूंनी तो सापडला पाहिजे. एका वस्तूला एकच जागा हा कपाटाचा नाइलाज आहे, स्क्रीनवर तो कशाला पाळायचा? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 मध्ये कोलन वर्गीकरणात विषय पैलूंनी फोडून दाखवला, तो तू परीक्षेपुरता पाठ केला असशील. इथं त्याला खरं काम आहे.

शब्द मात्र स्वतःचे काढू नकोस. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं 1960 पासून चालवलेले वैद्यकीय विषयशब्द, म्हणजे 'मेश', तेच घे. त्यात थोरॅसिक सर्जरी ही शाखा एका शीर्षकाखाली आणि छातीवरची प्रत्यक्ष ऑपरेशनं दुसऱ्या शीर्षकाखाली आहेत. या दोन्हींत गल्लत केलीस तर एम.सीएच.च्या प्रवेशाची माहिती आणि फुफ्फुसाचा भाग काढायचा व्हिडिओ एकाच यादीत येऊन बसतात. डब्लिन कोअर या नोंदींच्या ठरीव साच्याचे 15 रकाने तुला येतात. त्यांत रुग्णाचा वयोगट नाही, शिकणाऱ्याची पायरी नाही, 'कुणी तपासलं आणि कधी' हेही नाही. ते तीन वाढव. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद लोकांना दिसू देऊ नकोस, कुणी घाई केली तरी.

तारखेचं तर फारच सांभाळ. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे टप्पे ठरवायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची नववी आवृत्ती जानेवारी 2025 पासून लागू झाली. आठव्या आवृत्तीवरचं एखादं सुरेख व्याख्यान तुझ्याकडे असेल, ते काढून टाकायचं कारण नाही, त्यातलं ऑपरेशन तेच आहे. पण 'टप्पे जुन्या आवृत्तीनुसार' अशी पाटी त्यावर हवी. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून हॉस्पिटलच्या सर्व्हरवर चढवायचा नाही, लिंकच द्यायची, आणि त्या लिंका दर काही महिन्यांनी चालतात का बघायचं. हॉस्पिटलनं स्वतः केलेल्या चित्रीकरणात रुग्णाचा चेहरा, नाव, नंबर दिसत असेल तर ते तुझ्या टेबलावरून पुढं सरकू देऊ नकोस.

इंग्रजीचं दडपण तुझ्या ओळीत नाही, पण वडिलांच्या पत्रात आहे. डिकॉर्टिकेशन, लोबेक्टमी हे शब्द कॉन्व्हेंटमधल्या पोरांनाही घरी शिकवलेले नसतात. अशा शब्दांची एक वही घाल.

काका, पुन्हा तुमच्याकडे येतो. अशा करारात पगार बेताचा असतो आणि पुढच्या वर्षाची हमी कुणी देत नाही. म्हणून सही करण्याआधी तिनं दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: तपासून देणारे सर्जन कोण, आणि झालेल्या कामावर तिचं नाव राहणार का. नावाशिवाय वर्ष घालवू नये, कारण पुढच्या मुलाखतीत दाखवायला तेच असतं. प्रत्येक मेडिकल कॉलेजला लायब्ररी लागते. कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं हेलिनेट कॉलेजांना मिळून ई-जर्नल्स पुरवतं. वैद्यकीय प्रकाशनं आणि ई-लर्निंगवाल्यांनाही विषय लावणारी माणसं लागतात. त्याच वर्षात तिनं नेट आणि केसेट, म्हणजे कॉलेजातल्या नोकरीसाठीच्या देशाच्या आणि कर्नाटकाच्या पात्रता परीक्षा, द्याव्यात. कॉलेजातली पक्की जागा हवी तर त्या बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात.

आणि कन्नड. हा विषय आपल्या भागात निघाला की घरात आवाज चढतो, ते मी जाणतो. पण केपीएससीची, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाची, जागा असेल तर कन्नडचा पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो, आणि वॉर्डातली सिस्टर तिच्याशी कन्नडातच बोलणार आहे. सीमाप्रश्नावरचं तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा, पोरीला क्लास लावा. कोल्हापूर-पुण्याकडे जायचं ठरलं तर महाराष्ट्राची तशीच सेट परीक्षा आहेच.

बँकेची पीओ, म्हणजे अधिकारीपदाची, परीक्षा खुल्या गटात तिशीपर्यंत देता येते. एक वर्ष इकडे गेलं तर ते दार बंद होत नाही. दोन्ही अभ्यास एकदम मात्र करायला लावू नका, एकही धड होत नाही.

रोज निपाणी-बेळगाव एसटीनं येण्याजाण्यात तिचे तीन तास जातील. पहिले काही महिने तरी टिळकवाडीकडे एखाद्या मुलींच्या वसतिगृहात सोय बघा, आणि कराराचा कागद आला की सहीआधी मला पाठवा.