बाबा, तू डबा खा!

स्पर्धांचा मोसम सुरू झाला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. "मॅडम, आम्ही अजिबात प्रेशर देत नाही हो. हरली तरी ओरडत नाही. पण मॅचच्या दिवशी हिला काय होतं कळत नाही. प्रॅक्टिसला वाघ, मॅचला शेळी!"

हे पालक खरंच बोलत असतात. पंचांशी भांडणारे, पोराला चारचौघांत झापणारे आईवडील समुपदेशकाकडे येतच नाहीत. (त्यांची मुलं येतात, काही वर्षांनी.) येतात ते सभ्य पालक. म्हणून ही एका सभ्य बाबांची गोष्ट, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

मुलगी बारा वर्षांची, बॅडमिंटन खेळणारी. तिला इथे मनू म्हणू. पहाटे बाबा स्कूटरवरून कोर्टवर सोडायचे, बाकावर बसून लॅपटॉप उघडायचे, मग तिला शाळेत आणि स्वतःला ऑफिसात पोचवायचे. स्पर्धेच्या सकाळी मनूचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांकडे सगळं तपासून झालं होतं, काही निघालं नव्हतं. आई बोलता बोलता म्हणाली, "शाळेच्या स्पर्धेला मात्र नव्हतं दुखलं. तेव्हा यांना रजा मिळाली नव्हती."

बाबांना ते लागलं. "मी तर तिथे तोंडातून शब्द काढत नाही."

मनूशी एकटीशी बोलताना मी तिला कागद दिला आणि मागच्या मॅचचं चित्र काढायला सांगितलं. तिने कोर्ट अगदी मापात काढलं. सिंगल्सच्या रेषा, डबल्सच्या रेषा, जाळी, पंचांची उंच खुर्ची. मग रॅकेट घेतलेली ती स्वतः. मग प्रेक्षकांत, खांबाजवळ, दुसऱ्या रांगेत एक चष्मेवाला माणूस. त्याच्या चष्म्याच्या काड्यासुद्धा काढल्या.

"हा बाबा. इथे त्याने कपाळाला हात लावलाय."

"कधी लावतो?"

"सर्व्हिस जाळीत गेली की. आणि चष्मा काढून पुसायला लागला, तर मी फारच वाईट खेळतेय."

"बरं. आणि जाळीच्या पलीकडे कोण आहे?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग खुदकन हसली. "अय्या! तिला काढायचं राहिलंच."

मुलांची चित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण एखादी केस अशी एका रेघेत क्वचितच उलगडते. ही पोर समोरच्या मुलीशी खेळतच नव्हती. ११ गुण झाले की खेळाडूंना ६० सेकंदांची विश्रांती मिळते. पाणी प्यायचं, कोचचं ऐकायचं. मनू ती सेकंदं खांबाकडे बघण्यात घालवायची. पोटदुखी हरण्याच्या भीतीची असावी, असं सगळे धरून चालले होते. मला ती बाबांच्या काळजीची वाटली. आपण हरलो तर बाबाचं काय होईल, ही काळजी.

मनूची परवानगी घेऊन ते चित्र मी बाबांना दाखवलं.

"मी चष्मा काढतो?"

"माझ्यासमोरही आत्ताच काढलात."

त्यांनी तो घाईने परत डोळ्यांवर चढवला. "पण मॅडम, चेहऱ्यावर काय उमटतं ते थोडंच आपल्या हातात असतं?"

बरोबर होतं त्यांचं. हसरा चेहरा ठेवा, असं मी कुठल्याच पालकाला सांगत नाही. मुलांना आपले खोटे चेहरे आधी कळतात. चेहऱ्याच्या आत काय चाललंय ते बघावं लागतं. मी विचारलं, "तिचा पॉइंट गेला की मनात काय येतं?"

"एवढी मेहनत वाया चालली, असं वाटतं."

"कुणाची?"

ते थांबले. "तिची. म्हणजे... माझीही. पहाटेची उठाउठ, रजा, शटलच्या डब्यांचे पैसे. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे सगळं डोक्यात फिरत असतं."

"म्हणजे मनू ९-१४ने मागे असते, तेव्हा तुम्ही तिची नोकरी बघत असता."

पहिल्यांदाच मोकळे हसले ते.

मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या विचारांवर काम करणारी आम्ही माणसं एक प्रश्न फिरून फिरून विचारतो: हे काम नक्की कुणाचं? शटल मारणं मनूचं काम. हरल्यावर रडणं, चिडणं, उद्या पुन्हा रॅकेट उचलणं, तेही तिचंच. बाबांची निराशा सांभाळणं हे मात्र बाबांचं काम. घरात कुणी काही न बोलता ते मुलीच्या अंगावर पडलं होतं, आणि गुणी मुली अशी कामं चटकन उचलतात.

"मग मी जाऊच नको का?" बाबा म्हणाले. "आचरेकर सरांसारखा झाडामागे उभा राहू?" शिवाजी पार्कवर सरांसमोर छोटा सचिन बिचकला, तेव्हा थोरल्या भावाने, अजितने, सरांना लांबून, झाडाआडून बघायला सांगितलं होतं, ती गोष्ट त्यांना आठवली होती. मी म्हटलं, झाडामागे उभं राहायचं की नाही, ते मनूला विचारू.

मनूने बोटांवर अटी मोजल्या. "बाबा, तू यायचंच. पण खांबाजवळ नाही, आईच्या शेजारी बसायचं. व्हिडिओ काढायचा नाही. आणि तू डबा खा."

"डबा कशाला गं?"

"खात असलास की तू नेहमीचा बाबा असतोस."

यावर मी माझ्याकडून एकच भर घातली: समोरच्या मुलीने सुंदर फटका मारला तर टाळी वाजवायची. हे ऐकून बहुतेक पालक माझ्याकडे संशयाने बघतात. पण दोन्ही बाजूंना टाळी देणारा बाप खेळ बघायला आलेला असतो, निकाल वसूल करायला नाही, आणि हे मुलाला न सांगता कळतं. पुढच्या स्पर्धेत समोरच्या मुलीचा ड्रॉप जाळीला लागून अलगद अलीकडे पडला आणि बाबांनी टाळी वाजवली. मनूने गर्रकन मान वळवून पाहिलं. बाबांच्या एका हातात पोळीचा रोल होता. ती हसली आणि शटल उचलायला गेली. ती मॅच ती हरली. सकाळी पोटही दुखलं होतं, पण पोहे खाऊन निघाली होती. पोटदुखी एकदम गेली नाही. हळूहळू कमी झाली.

परतीच्या वाटेबद्दल मी जरा कडक आहे. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला उतरून जाता येत नाही, त्यामुळे तिथे मॅचची चिरफाड करायची नाही. पहिला प्रश्न "काय खाणार?" एवढाच. ६-२१ने हरलेल्या मुलाला "छान खेळलास" म्हणू नका, त्याला गुणफलक वाचता येतो. विषय त्याने काढला तर ऐका. चुका दाखवणं कोचचं काम. कोच दाखवत नसेल असं वाटलं तर मधल्या वारी त्याला जाऊन भेटा, मॅचच्या दिवशी नको. रेषेवरच्या शटलचंही तेच. चुकीचा निर्णय मिळाला असं मुलाला वाटलं तर पंचांना नम्रपणे विचारायला त्यालाच शिकवा. तुम्ही जागेवरून उठू नका.

बाबांची शेवटची अडचण आजीची होती. मॅच संपायच्या आत आजीचा फोन: "जिंकली का?" घरच्या ग्रुपवर काका-मावश्यांचे अंगठे तयार. "आईला काय सांगू हो मी?"

मी म्हटलं, फोन मनूकडे द्या, ग्रुपवर काही टाकायचं की नाही तेही तीच ठरवेल. पुढच्या वेळी मनूने फोन घेतला. "आजी, दुसऱ्या राउंडला हरले. आम्ही मिसळ खातोय, नंतर बोलते."