पहिल्यांदा गोकुळनगरला जाताना

सांगलीच्या गोकुळनगरात, तिथल्या वेश्यावस्तीत, आरोग्यकामासाठी पहिल्यांदा जायचं म्हणून तुला धास्ती वाटतेय, हे मला कळतं. सकाळी लवकर जाऊ नकोस, बायका रात्रभर जाग्या असतात. दुपारी जेवणं उरकल्यावर जा, आणि वस्तीत ओळख असलेल्या ताईंबरोबरच. मोबाइल पिशवीतच ठेव. छाप्यांच्या बातम्यांतसुद्धा या बायकांची ओळख उघड होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात बजावलंय. मग आपण फोटो कशाला काढायचे?

कर्नाटकची सीमा जवळ, त्यामुळे कन्नड बरंच कानावर पडेल. काहीजणी देवदासी प्रथेतून आलेल्या आहेत. ‘या धंद्यात कशी आलीस?’ हे मात्र कधीच विचारू नकोस. मला तो प्रश्न फार क्रूर वाटतो. बीपी, मुलांची शाळा, रेशनकार्ड, यावर बोल. चहा दिला तर घे.

आणि शिकवायला जातोय असं समजू नकोस. ‘संग्राम’ या संस्थेचं काम इथे १९९२ पासून आहे. त्यातूनच या बायकांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. निरोधाबद्दल त्या तुलाच चार गोष्टी सांगतील. कुणाच्या एचआयव्ही तपासणीविषयी कळलं तर ते तिच्या संमतीशिवाय कुठेही बोलायचं नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. अल्पवयीन मुलगी धंद्यात दिसली तर मात्र गप्प बसू नकोस. ताईंना सांग आणि लगेच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर.