मज्जारज्जूतली ‘गाठ’ की पोकळी?

प्रश्न तासगावच्या एका वाचकाचा आहे. त्यांचे मामा काही वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर पडले, मणका मोडला. रॉड-स्क्रू बसवून कसेबसे काठीवर चालते झाले. अलीकडे उजव्या हाताला काही कळेनासं झालं म्हणून मिरजेला एमआरआय काढला, तर रिपोर्टात ‘पोस्ट ट्रॉमॅटिक सिरिंक्स’ असं आलं. घरच्यांनी गावात सांगितलं, ‘मज्जारज्जूत गाठ निघाली.’ झालं! तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण कॅन्सरच्याच गोष्टी काढतोय. मोबाइलवर ‘सिरिंक्स’ शोधलं तर अर्थ आला, पक्ष्यांचं स्वरयंत्र. वाचक विचारतात, गाठ म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं? ‘पोस्ट ट्रॉमॅटिक’चं काय करायचं? आणि तो सिरिंक्स की ती सिरिंक्स?

गाठ म्हणू नये. गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे हाताला लागणारं, वाढत जाणारं, कापून काढायचं काहीतरी येतं. आवाळू, गळू, रसोळी हे शब्दही तसलेच. या सगळ्यांत शरीरात नको ते काहीतरी जास्तीचं आलेलं असतं. इथे उलट आहे. मार लागला त्या जागी मज्जारज्जूभोवतीची पातळ आवरणं एकमेकांना चिकटतात, कण्यातून खालीवर खेळणाऱ्या पाण्याची वाट अडते आणि मज्जारज्जूच्या आतच पाणी साचत जातं. ते आत नेमकं कसं शिरतं यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण होतं ते असं: लांबट पोकळी तयार होते आणि ती वर किंवा खाली पसरत जाते. अपघातानंतर काही महिन्यांनी होईल, नाहीतर वीस-पंचवीस वर्षांनीही होईल. म्हणून तर ‘इतक्या वर्षांनी हे कुठून उपटलं?’ असं घरच्यांना वाटतं.

मामा ऊस लावणारे असतील तर त्यांच्यासाठी शब्द तयारच आहे: दशी. तुरा आलेला ऊस तोडीविना फार दिवस उभा राहिला की त्याला दशी पडते. बाहेरून कांडी शाबूत दिसते, कोयता मारला की आत पोकळ. ‘मज्जारज्जूला दशी पडून आत पाणी साचलंय’ असं सांगितलं तर त्यांना दुसरं काही समजावावं लागणार नाही.

सिरिंक्स हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ पावा किंवा वेळूची नळी. त्यांच्या पुराणात या नावाची एक वनदेवता आहे. पाठलाग करणाऱ्या पॅन देवापासून सुटण्यासाठी ती वेळू झाली आणि त्याने त्याच वेळूचा पावा केला. पक्ष्यांच्या स्वरयंत्राला हे नाव पडलं ते यातूनच, आणि दवाखान्यातली सिरिंजही याच कुळातली. त्यामुळे मोबाइल खोटं बोलला नाही, फक्त भलत्या दारात नेऊन सोडलं. ‘सिरिंगोमायलिया’ हे रोगाचं नाव ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरने १८२७ साली रूढ केलं. त्यातला ‘मायलो’ म्हणजे मज्जा. इथेही एक घोळ होतो. मज्जा म्हटलं की लोक हाडातली मज्जा धरतात आणि रक्ताच्या आजाराची शंका घेतात. म्हणून बोलताना नुसतं मज्जा न म्हणता मज्जारज्जू म्हणावं, मेरुरज्जूही चालेल.

मराठीत मी ‘पाण्याची पोकळी’ म्हणेन. नुसती ‘पोकळी’ नको, कारण तो शब्द श्रद्धांजलीच्या बातम्यांनी पार वापरून टाकलाय. आजारी माणसाच्या उशाशी ‘पोकळी निर्माण झाली’ हे बरं दिसत नाही. डॉक्टरमंडळी पेशंटला ‘पाण्याची गाठ’ सांगतात. हेतू धीर देण्याचा असतो, पण पेशंट घरी जाताना पाणी विसरतो आणि गाठ तेवढी घेऊन जातो. पुस्तकी मराठीत सिस्टला पुटी, कोष्ठ असे शब्द आहेत. ते इथे तंतोतंत बसत नाहीत. खऱ्या सिस्टला स्वतःचं अस्तर असतं, इथे पोकळीची भिंत म्हणजे मज्जारज्जूचाच दबलेला भाग.

हा शब्दांचा कीस नाही, एमआरआयच्या फिल्मवर हाच फरक पाहिला जातो. टी-वन म्हणतात त्या चित्रात पाणी काळं दिसतं, टी-टूमध्ये पांढरं चमकतं. पोकळीचा रंग दोन्हींत भोवतालच्या पाण्यासारखाच असला आणि कडा स्पष्ट असली तर सिरिंक्स. मार लागून मज्जारज्जू नुसता मऊ पडून आक्रसला असेल तर टी-टूवर तोही पांढरा दिसतो, पण टी-वनवर पाण्याइतका काळा नसतो आणि कडाही पुसट असते. ट्यूमरची शंका असली तर शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध देतात. ट्यूमरचा भाग बहुधा उजळतो, नुसतं पाणी उजळत नाही. मामांच्या रिपोर्टात कॉन्ट्रास्टबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारून घ्या, कॅन्सरवाल्या पाहुण्यांना तेच उत्तर देता येईल. रॉड-स्क्रूमुळे चित्र बिघडलं तर कंबरेतून औषध सोडून सीटी मायलोग्राम करतात आणि काही तासांनी पुन्हा फोटो काढतात, कारण औषध पोकळीत उशिरा झिरपतं. पोकळी मानेपर्यंत चढलेली असू शकते, म्हणून फक्त मोडलेल्या मणक्याचा नव्हे, अख्ख्या कण्याचा एमआरआय लागतो. जुन्या फिल्मा टाकून दिल्या नसतील तर पिशवीत घाला. पोकळी वाढतेय का, हे दोन्ही शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. नुसती फिल्मवर दिसणारी पोकळी बऱ्याच जणांत सापडते, त्रास देणारी त्या मानाने थोड्यांत.

तुम्ही न विचारलेला एक शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो: बधिर. ‘हात बधिर झालाय’ असं आपण सरसकट सांगतो आणि नेमकी खूण झाकली जाते. दुखणं आणि थंड-गरम या जाणिवांच्या तारा मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूकडून दुसरीकडे जातात. पोकळी तिथेच असते, म्हणून त्या आधी तुटतात. साध्या स्पर्शाच्या तारा मागच्या बाजूने जातात, त्या पुष्कळदा टिकतात. त्यामुळे मामांना हात लावलेला कळत असेल, पण चहाच्या पातेल्याचा चटका कळत नसेल, बोटाला फोड आल्यावरच लक्षात येत असेल. डॉक्टरला हेच वाक्य सांगायचं: ‘हात लावलेला कळतो, चटका कळत नाही.’ ‘बधिर’पेक्षा ते शंभर पट कामाचं आहे. तसंच ‘दुखतं’ म्हणून थांबू नका. मराठीत कळ, चमक, ठणका, आग, मुंग्या, सगळं वेगवेगळं आहे. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना कळ येत असेल तर तसंच सांगा. बधिरपणा आधी कुठवर होता आणि आता कुठवर चढलाय, हेही.

‘पोस्ट ट्रॉमॅटिक’ला वर्तमानपत्री मराठीत ‘आघातोत्तर’ म्हणतात. आघात म्हटलं की हल्ली मनावरचाच आघात वाटतो, तेव्हा ‘दुखापतीनंतरची’ पुरे. म्हणजे ‘दुखापतीनंतर मज्जारज्जूत झालेली पाण्याची पोकळी’. लांब आहे खरं, पण रोज कोण म्हणतंय. एकदा सांगून झालं की पुढे सिरिंक्सच म्हणा.

लिंगाचं म्हणाल तर सिस्ट स्त्रीलिंगी झाली ती गाठीच्या ओढीने. सिरिंक्सला तशी कुणाची ओढ नाही. माझ्या कानाला ‘सिरिंक्स वाढलाय’ बरं लागतं, ‘वाढलीय’ म्हणणाऱ्याच्या मनात पोकळी असेल, तेही चुकीचं नाही. फक्त ‘वाढलं’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला गळू वाटेल.