मेटल डिटेक्टर खोलवर चालेना? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिटेक्टरच्या खोक्यावर 'एक मीटरपर्यंत' असं लिहिलंय. शेतात रुपयाचं नाणं वीतभर खोल पुरलं तर यंत्र गप्प. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली की नुसतं किरकिरतं. यंत्र खराब आहे का? (सातारा)

यंत्र बहुधा ठीक आहे. पहिली अडचण नाण्याचीच आहे. रुपयाचं आणि दोन रुपयांचं सध्याचं नाणं फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं असतं, ते चुंबकाला चिकटतं. डिस्क्रिमिनेशन (लोखंडी कचरा गाळायची सोय) चालू असेल तर यंत्र त्याला खिळा समजून गाळून टाकतं. चाचणीला दहा रुपयांचं किंवा जुनं तांब्याचं नाणं घ्या.

दुसरी अडचण मातीची. तुमच्याकडची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, त्यामुळे तिच्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. सेन्सिटिव्हिटी वाढवली की नाण्याबरोबर मातीचा सिग्नलही वाढतो; ती किरकिर त्याचीच. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा सिग्नल यंत्राकडून वजा करून घेणं. ऑल-मेटल मोड (काहीही न गाळता सगळे धातू ऐकवणारा) लावा, धातू नसलेली जागा निवडा आणि कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) जमिनीला समांतर धरून फूटभर उंचीवरून दोन बोटांपर्यंत खाली-वर करा. खाली जाताना आवाज चढला किंवा बुडाला तर ग्राउंड बॅलन्सचा नॉब थोडा थोडा फिरवत राहा. दोन्हीकडे आवाज सारखा राहिला की जमलं. मग सेन्सिटिव्हिटी यंत्र शांत राहील इतकीच ठेवा, हेडफोन लावा आणि सावकाश फिरवा. खोल वस्तूचा आवाज बारीक असतो, तो शांततेतच कळतो. पीक बदललं, ओल वाढली, बांध ओलांडला की बॅलन्स पुन्हा करायचा. खोक्यावरचा एक मीटर हा बादलीएवढ्या वस्तूसाठी असतो, नाण्यासाठी नाही.

प्रश्न : मी घरी पल्स इंडक्शन (कॉइलमध्ये विजेचे झटके देऊन मधल्या वेळात धातूचा प्रतिसाद ऐकणारा) डिटेक्टर बनवलाय. 12 ऐवजी 24 व्होल्ट दिले तर खोली दुप्पट होईल का? (पुणे)

नाही. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं आणि वस्तूकडून परत येणारा सिग्नलही तसाच घटतो. दोन्ही मिळून सहावा घात. सिग्नल दुप्पट केला तर खोली जेमतेम 12 टक्के वाढते : 25 सेंटिमीटरची 28. खोली दुप्पट करायची तर सिग्नल 64 पट लागेल. तोवर मॉसफेट (कॉइलची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) मात्र तापेल.

खरी कमाई डॅम्पिंग रेझिस्टरमध्ये, म्हणजे कॉइलला जोडून तिची थरथर शमवणाऱ्या रेझिस्टरमध्ये आहे. तो जास्त ओहमचा झाला तर पल्स बंद झाल्यावर कॉइल झंकारत राहते, कमी झाला तर व्होल्टेज रेंगाळत उतरतं. त्याच्या जागी तात्पुरता प्रीसेट (किंमत फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा आणि ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजची रेषा दाखवणारं यंत्र) पाहा. रेषा शून्याखाली न झुकता सर्वांत लवकर शून्यावर येईल ती किंमत मोजून कायमचा रेझिस्टर बसवा. मग सॅम्पलिंगचा डिले, म्हणजे पल्स बंद झाल्यापासून सिग्नल मोजेपर्यंतची वाट, कमी करता येतो. अंगठीसारख्या बारीक सोन्यातले एडी करंट (पल्समुळे धातूत उठणारे विजेचे भोवरे) लवकर विरतात, त्यामुळे इथे प्रत्येक मायक्रोसेकंद मोलाचा. चाचणी घरात नको. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर भरपूर गोंगाट करतात.

प्रश्न : मोठी कॉइल घेऊ का? (नाशिक)

जुनी पाइपलाइन, व्हॉल्व्हचं झाकण असं काही शोधायचं असेल तर जरूर. नाण्या-अंगठीसाठी नको. मोठी कॉइल मातीही जास्त वाचते आणि शेजारचा खिळा वेगळा ओळखू देत नाही.

प्रश्न : मित्रांसोबत किल्ल्यावर डिटेक्टर नेणार आहोत. कोणतं सेटिंग ठेवू? (कोल्हापूर)

नेऊ नका. कळकळीने सांगतो. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे; केंद्राचा 1958 चा कायदा आहे, राज्याचा 1960 चा. नाणं कोणत्या थरात, कशाशेजारी होतं यावरून त्याचा काळ ठरतो. तुम्ही ते उपसलंत की ती माहिती कायमची गेली. स्वतःच्या शेतातही दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

प्रश्न : बायकोची अंगठी समुद्रकिनाऱ्यावर पडली. ओल्या वाळूत यंत्र सतत वाजतं. (रत्नागिरी)

खारं पाणी वीज वाहून नेतं, शिवाय तुमच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू. एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे गोंधळतं. मल्टी-फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन यंत्र मिळालं तर उत्तम. नाहीतर ग्राउंड बॅलन्स ओल्या वाळूवरच करा आणि सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. डिस्क्रिमिनेशन बंद ठेवा, कारण सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा कपटा यंत्राला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पूर्ण ओहोटीला जा, दोरीने पट्टे आखा, कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून चाला आणि दर फेरीत मागचा अर्धा पट्टा पुन्हा झाका.