लोलिता फॅशन करायची तर कृष्णवर्णीय मुलींना सरळ केसांचा विग घालावाच लागतो का?

नाही, विग सक्तीचा नाही. लोलिता ही बाहुलीसारख्या घेरदार पोशाखाची जपानी स्ट्रीट फॅशन. तिचे नियम पोशाखाच्या आकाराचे आहेत, केसांच्या पोताचे किंवा कातडीच्या रंगाचे नाहीत. गुडघ्यापर्यंत घंटेसारखा घेर, आत पेटीकोट, ब्लाउज, मोजे आणि डोक्यावर काहीतरी, एवढं जमलं की झालं. टोकियोतल्या हाराजुकू या फॅशनच्या भागातल्या डिझायनरांनी हा घेर आणि लेस स्वतःच रोकोको (अठराव्या शतकातली नक्षीदार शैली) आणि व्हिक्टोरियन युरोपातून उचलली, तेव्हा ‘हे तुमच्यासाठी नाही’ हा टोमणा काळ्या मुलींनाच का, याचं उत्तर मारणाऱ्यांकडे नसतं.

खरी अडचण हेडड्रेसची, म्हणजे डोक्यावरच्या सजावटीची. हेअरबँडवरचा मोठा बो सपाट केसांच्या हिशोबाने बनवलेला असतो, दाट अफ्रोवर (गोल फुगलेल्या कुरळ्या केसांवर) तो मागे सरकत राहतो. बो बँडवरून उसवा, त्याला विगची दातेरी क्लिप शिवा आणि पफच्या (एकत्र बांधलेल्या कुरळ्या केसांच्या गोळ्याच्या) बुडाशी, जिथे केस घट्ट बांधलेत तिथे खुपसा. बॉक्स ब्रेड्सवर (चौकोनी भाग पाडून घातलेल्या वेण्यांवर) क्लिप घसरते. तिथे वेण्यांच्या मुळाशी केसांचे दोन आकडे फुलीसारखे लावा. बॉनेटला (हनुवटीखाली बांधायच्या टोपीला) आतून सॅटिनचं अस्तर लावा, सुती कापड केसांतलं तेल शोषतं आणि केस कोरडे पडून तुटतात. हनुवटीखालची रिबीन कानामागून घ्या, कपाळाकडच्या बारीक केसांवर ताण नको.

मात्र पूर्ण बॉनेट मोकळ्या, मोठ्या अफ्रोवर बसत नाही. तेव्हा मानेजवळ दोन पफ बांधा किंवा अर्धा बॉनेट घ्या. हौसेने विग घालायचाच असेल तर तोही कुरळा मिळतो.